नमुना थंड पडला

"थंड आहे," बाटलीवरची तापमानाची पट्टी बघून नर्सबाई म्हणाल्या. "चालणार नाही."

क्रेनवाले काका भडकले. बावीस वर्षांत त्यांच्या क्रेनवरून कुणाच्या डोक्यावर खिळासुद्धा पडला नव्हता. आणि आज नशातपासणीच्या नव्या नियमापायी कारखान्याच्या दवाखान्यात लघवीची बाटली हातात धरून उभं राहायची पाळी! दुपारपाळीआधी दाखला मिळाला नाही, तर क्रेन दुसऱ्याकडे आणि काका गोदामात झाडू मारायला.

"थंड नाही तर काय उकळती देऊ? अर्धा तास तुम्ही जेवत होता, मी बाटली धरून बसलो होतो!"

"थंड म्हणजे घरून आणलेली. दुसऱ्याची. नियमात लिहिलंय तसं."

"दुसऱ्याची मागून आणायला ती काय छत्री आहे?"

आता दुसरा नमुना साक्षीदारासमोर द्यायचा. साक्षीदार म्हणून धाडला गेटवरचा रखवालदार, म्हणजे काकांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

"दाजी, लाजू नका. घरचाच आहे मी."

"म्हणूनच तर! उद्या तुझ्या बहिणीला काय काय सांगशील!"

दहा मिनिटं झाली, थेंब नाही. मेहुण्याने मदत म्हणून नळ सोडला, वर शीळही घातली. काका त्याच्यावर खेकसले, बाहेर आले आणि तावातावाने पाण्याचे दोन जग घटाघट प्यायले. तासाभराने एकदाची बाटली भरली.

नर्सबाईंनी ती उजेडात धरली. "यात पाणी आहे."

"मग काय दूध असणार?"

"पाणी मिसळलंय असं लिहावं लागेल. फसवणुकीचं प्रकरण होतं हे. कायदा आहे."

"लिहा! आत्ता लिहा! मी कोर्टात जाईन, आणि न्यायाधीशांच्या समोर बाटली भरून—"

मेहुण्याने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आले. "बाई, नमुना अंगाइतका कोमट आहे ना? मग यांचाच. पातळ का झाला, ते हे रिकामे जग बघा." त्यांनी बाटलीत नशा तपासायची पट्टी बुडवली, बघितली आणि दाखल्यावर सही ठोकली. "नशा नाही. जा कामाला."

काका ताठ मानेने शिडी चढले. पहिलाच लोखंडी तुळयांचा भारा त्यांनी झोकात उचलला, आणि तो ज्यात उतरवायचा तो खालचा ट्रक मागे घेताना मध्येच बंद पडला. भार लटकत ठेवून केबिन सोडायची नाही, हा नियम मोडणाऱ्यांची काकांनी बावीस वर्षं चामडी लोळवली होती. ट्रक काही सुरू होईना. आणि त्या दोन जगांपैकी पोटात उरलेलं सगळं पाणी आता खाली उतरायला निघालं. काकांनी पायावर पाय टाकला, ओठ चावले, डोळे मिटले. गंमत बघायला सगळी पाळी माना वर करून उभी राहिली; गेट सोडून मेहुणाही आला.

शेवटी केबिनमधून हत्यारं ओढून घ्यायची दोरी सरसर खाली आली.

"अरे मेहुण्या, बघतोस काय! बाटल्या बांध! एक नको, चार बांध! आणि ह्या मेल्यांना तिकडे तोंड करायला सांग!"