न भेटण्याचा गट

विद्यापीठ आणि एखादी संस्था यांची सोयरीक जुळवायची असेल तर माझ्याकडे या, असं मी छाती फुगवून सांगत असे. त्यासाठीच मला विद्यापीठात खुर्ची, टेबल आणि 'समन्वयक' अशी पाटी मिळाली होती. प्राध्यापकांना माणसं हवी असतात, संस्थेला पुरावा हवा असतो, आणि मध्ये गोड बोलायला मी. यात बिघडण्यासारखं आहे काय?

संस्था होती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसणाऱ्या बायकांची. प्रमुख होत्या एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. बायकांचा पगार सरकार देत होतं आणि आता विचारत होतं, की नुसतं जाऊन बसल्याने होतं काय? ते सिद्ध झालं नाही तर भेटी बंद.

"सोपं आहे," आमचे प्राध्यापक म्हणाले. "चिठ्ठ्या टाकून दोन गट करू. एका गटाला दर आठवड्याला भेटायचं. दुसऱ्याला वर्षभर अजिबात नाही. मग फरक मोजू."

"अजिबात म्हणजे?" सिस्टरनी विचारलं.

"अजिबात म्हणजे अजिबात."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "वर्षाचाच तर प्रश्न आहे, सिस्टर. मग भेटी कायमच्या." त्या कशाबशा हो म्हणाल्या. मला वाटलं, झालं, सोयरीक जुळली.

बायकांनी शब्द पाळला, पण फक्त कामाच्या वेळेत. संध्याकाळी एकीला न भेटण्याच्या गटातल्या आजींच्या गुडघ्याची काळजी वाटली, म्हणून ती सहज डोकावली. दुसरी डबा घेऊन गेली. तिसरीने नवऱ्याला पाठवलं, कारण नियमात नवऱ्यांबद्दल काही म्हटलं नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, फितूर आपण एकटीच! त्यामुळे ज्यांच्याकडे कुणीच जायचं नव्हतं, त्यांच्या घरी बसायला खुर्च्या पुरेनात.

शिंपीकाका मात्र भेटण्याच्या गटात होते. डोळे अधू, बायको गेलेली, मुलगी लांब. त्यांच्याकडे एक बाई यायची, ठरलेला वेळ बसायची आणि घड्याळ बघून उठायची, कारण तिला पुढे दुसरीकडे चोरून जायचं असायचं. काका तिला दारापर्यंत सोडायला यायचे आणि ती वळेपर्यंत तिथेच उभे राहायचे.

वर्ष संपलं, निष्कर्ष आले. न भेटलेली माणसं भेटलेल्यांपेक्षा चांगली जेवत होती, गाढ झोपत होती, चक्क विनोद करत होती. प्राध्यापक हरखून गेले. एकटं सोडलं की म्हातारी माणसं खुलतात, असा शोध त्यांना लागला होता.

सभेत तो वाचून दाखवताच सिस्टर उठल्या. "आमच्या मुली जात होत्या," त्या म्हणाल्या. "मीही जात होते." मग एकेक बाई उभी राहिली. शेवटी मागच्या रांगेतून एक नवराही उठला.

मला हायसं वाटलं. "म्हणजे भेटींचा फायदाच होतो, नाही का?"

"नियम मोडला," प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले. "म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही."

सरकारी साहेबांनी मान डोलावली. सिद्ध झालं नाही, म्हणजे बंद.

बायकांना पोटासाठी दुसरी कामं शोधावी लागली. पण संध्याकाळची सवय काही सुटली नाही. आजींच्या गुडघ्याची चौकशी अजून होते, डबाही अजून जातो. चोरून जडलेला जीव, तो असा कुठे सुटतो? शिंपीकाकांकडे मात्र सगळं रीतसर होतं, त्यामुळे ते रीतसर थांबलं.

हे त्यांना सांगायचं काम अर्थातच समन्वयकाचं. मला फार वाईट वाटत होतं, पण मी शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब," ते म्हणाले, "त्या न भेटण्याच्या गटात आता जागा होईल का?"

विद्यापीठाच्या वतीने मी म्हणालो, "विचारून कळवतो."