मोंबासा-रिटर्न साळवे

शांतवन साळवे आमच्या घरात पहिल्यांदा आले ते आडवे होऊन. समोरची खोली त्यांनी नुकतीच भाड्याने घेतली होती आणि आमच्या उंबऱ्यात उभं राहून ते सौभाग्यवतीकडे खलबत्ता मागत होते. तेवढ्यात फळीवरची लोणच्याची बरणी कलली. मी "अगं" म्हणेपर्यंत हा सहा फुटी गृहस्थ हवेतून स्वयंपाकघरात गेला, बरणी झेलून छातीशी आवळली आणि पिठाच्या डब्यावर जाऊन आदळला. बरणी शाबूत राहिली, डबा चेपला. पिठाने पांढरे झालेले साळवे उठून म्हणाले, "वैनी, बरनी वरच्या फळीवर ठिवू नगा. वरचा बॉल लई वंगाळ."

साळवे नगरला आमच्याच शाळेत खेळाचे मास्तर होते. त्याआधी ते आफ्रिकेत, मोंबासाला गोलकीपर होते. हौशी नव्हे, चांगले पगारी. तरुणपणी भिंगारला लष्करातल्या जवानांबरोबर खेळत. तिथून पुण्याच्या एका स्पर्धेत गेले, तर मोंबासाच्या कुणा गुजराती व्यापाऱ्याने त्यांना पाहिलं आणि आपल्या क्लबासाठी उचलून नेलं. चेंडू अडवण्याचा कुणी पगार देतं, यावर आमच्या हेडमास्तरांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "ते ठीक आहे हो साळवे, पण तिकडे कामाला कुठे होता?" असं ते अधूनमधून विचारत.

हातात दिलेली वस्तू घेणं साळव्यांना कमीपणाचं वाटे. "फेका की!" म्हणत. वाणी त्यांना साबण फेकून देई, शिपाई खडूची पेटी फेकी. आमची ही सुरुवातीला लाजायची. पण वर्षभरात ती ओट्यापाशी उभी राहून समोरच्या खोलीत इतकी अचूक वांगी फेकू लागली, की घरात वाद घालताना मी जरा जपून बोलू लागलो.

त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट मोडून वाकडं बसलं होतं. त्याच बोटाने ते वाटसरूंना रस्ता दाखवत. शेवगावची एस.टी. विचारणारी किती माणसं त्या बोटामागे जाऊन संगमनेरच्या गाडीत बसली असतील, देव जाणे. साळव्यांना मात्र आपण समाजाच्या उपयोगी पडतो याचं समाधान असे.

खरी मौज त्यांच्या गोष्टींची होती. गोलकीपर म्हटल्यावर आपण काय काय अडवलं याच्या फुशारक्या ऐकायला मिळतील, या आशेने मी त्यांना चहाला बोलावलं. साळव्यांनी दोन कपांचा गोल मांडला, चहाची गाळणी आडवी ठेवून स्वतःला उभं केलं आणि आपल्यावर झालेला एक गोल साग्रसंगीत सांगितला. दुसऱ्या दिवशी दुसरा. वर्षभर मी फक्त झालेले गोलच ऐकत होतो. शेवटी न राहवून विचारलं, "अहो, एखादा तरी अडवला असेल ना?"

"अडीवले की. त्याचाच पगार हुता," ते म्हणाले. "पर अडीवलेला बॉल कोन ध्यानात ठिवतंय, मास्तर? गेलेला तेवढा ऱ्हातो."

मला तेव्हा हे फुटबॉलविषयीच आहे असं वाटलं.

बहात्तरच्या दुष्काळात एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांनी मला मैदानाच्या कडेला गाठलं. "मास्तर, एक काम हाय. तुमी नवरी व्हा."

साळव्यांना मुलगी आहे हे मला त्या दिवशी कळलं. करुणा तिचं नाव. बायको बाळंतपणात गेली, आणि पोरगी रांगू लागल्यावर तिला थोरल्या भावाकडे, तिसगावला ठेवून साळवे आफ्रिकेला गेले. दोनच वर्षांसाठी. पण करार संपत आला की क्लब पगार वाढवी आणि साळवे म्हणत, आनखी एक साल. मधे एकदा घरी आले, तर पोरगी कणगीमागे लपून बसली. बाहेर येईचना. तिच्यासाठी आणलेली बाहुली कणगीवर ठेवून ते परत बोटीवर चढले. आता कायमचे आले होते, तर पोरगी लग्नाची झाली होती. दानियलदादांना, म्हणजे चुलत्याला, ती 'बाबा' म्हणे. साळव्यांना काहीच म्हणत नसे. ते समोर बसलेले असले तरी "ते आलेत, त्यांना पाणी द्या," असं काकूला सांगे.

त्यांच्याकडे लग्नात बापाने मुलीला हाताला धरून चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत चालवत न्यायचं असतं. त्याचा सराव साळव्यांना हवा होता. "करुना तुमच्यायेवढीच हाय. मापात बसता तुमी." माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, ही गोष्ट मी एरवी चारचौघांत काढत नाही.

सौभाग्यवतीने हसून हसून डोळे पुसले आणि मच्छरदाणीचा एक तुकडा माझ्या डोक्यावर घातला. दुष्काळात फुलं कुठली, म्हणून हातात उलटी केरसुणी दिली. रोज शाळा सुटली की मी साळव्यांच्या हाताला धरून मैदानभर मिरवू लागलो. मी जरा भराभर चाललो की ते करवादत, "पोले पोले, मास्तर!" तिकडच्या भाषेत म्हणे याचा अर्थ हळूहळू. एकदा हेडमास्तर समोरून आले. त्यांनी मच्छरदाणी पाहिली, केरसुणी पाहिली आणि एक शब्दही न विचारता निघून गेले. माझी वार्षिक वेतनवाढ त्या वर्षी कशी झाली ते मला माहीत नाही.

"पण करुणाला विचारलंत का?" मी एकदा म्हटलं.

साळवे थांबले. "तिला चालाया म्या शिकवलं न्हाई, मास्तर. दादानं शिकवलं. शाळंत त्यानंच घातली, आजारपनात त्योच जागला. मला सगळं ठावं हाय. पर येवढं एक चालनं तरी माजं असू द्या की."

मी केरसुणी सावरली आणि पुन्हा चालू लागलो. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

लग्नाच्या दिवशी आम्ही तिघे एस.टी.ने तिसगावला गेलो. साळव्यांनी नवा सूट शिवला होता. चर्चच्या दारात ते इतके ताठ उभे होते, की येणारी माणसं त्यांनाच पाळकसाहेब समजून नमस्कार करत होती. मग दानियलदादा करुणाला घेऊन आले. पांढरी साडी, खाली घातलेली मान. दादा साधा शेतकरी माणूस, डोक्याला फेटा. ठरल्याप्रमाणे त्यांनी पोरीचा हात सोडला आणि करुणाने तो मुकाट्याने साळव्यांच्या हातात दिला. पेटी वाजू लागली.

मी शेवटच्या बाकावर होतो. साळवे सुरेख चालत होते, अगदी पोले पोले. थोडं पुढे गेल्यावर करुणाने मागे वळून पाहिलं. दारात दानियलदादा एकटेच उभे होते. पोरीचा हात धरण्यासाठी वाकवलेला त्यांचा हात अजून तसाच होता; त्याचं आता काय करावं हे त्यांना उमगत नव्हतं. साळव्यांनीही मागे पाहिलं आणि ते थांबले. पेटीवाल्याने गोंधळून तीच ओळ पुन्हा सुरू केली.

"दादा," साळवे मोठ्यानं म्हणाले, "हिकडं ये जरा. माजं बूट लई चावाय लागल्यात. तू ने हिला."

ते बूट मोंबासाचे होते, वर्षानुवर्षं वापरून मऊ पडलेले. दादा "आरं, आसं कसं" म्हणत होते, तेवढ्यात साळव्यांनी करुणाचा हात त्यांच्या हातात ठेवला आणि खरोखरच लंगडत येऊन माझ्याशेजारी बसले. लोक हसले. करुणा हसली नाही. तिने चुलत्याचा हात घट्ट धरला आणि दोघं पुढे निघाली.

"बगा," साळवे माझ्या कानाशी पुटपुटले, "दादाला कुनी शिकवलं न्हाई, तरी कसा झकास चालतोय." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नसतं.

लग्न लागल्यावर अंगणात पंगती बसल्या. आम्ही कोपऱ्यात उभे होतो, तिथे करुणा आली. क्षणभर घुटमळली. मग सरळ साळव्यांकडे बघून म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नका हं." आणि बायकांच्या घोळक्यात निघून गेली.

साळवे पहिल्याच पंगतीला बसले आणि वाढपी थकेपर्यंत जेवले.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. तिसगाव कधीच मागे पडलं तरी त्यांचं चाललंच होतं. "मास्तर, तुमी ऐकलं ना? मला म्हन्ली. मला. जेवल्याबिगर जाऊ नगा म्हन्ली."

त्याआधी ती मलाही तेच म्हणाली होती. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला म्हणत होती.

"ऐकलं तर," मी म्हटलं. "चांगलं स्पष्ट ऐकलं."