बिनअंड्याची बिस्किटं

पास्कल अंकलना कुणी "काय, कसे आहात?" असं विचारलं, की तो माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलाय हे ओळखावं. जुन्यांपैकी कुणी तो वेडेपणा करत नसे. अंकल आधी आभाळाकडे बघत, मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे, मग विचारणाऱ्याच्या चपलांकडे, आणि म्हणत, "काय खरं नाय."

कशाचं खरं नाही, हे ते सवडीने सांगत. टाकीला चीर जाणार, चपलेचा अंगठा तुटणार, आणि आभाळाचं तर काही विचारूच नका. आमच्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा सगळी बिल्डिंग पेढे खाऊन कौतुक करून गेली. अंकल मात्र टीव्हीच्या पुढे बसलेच नाहीत. मागे जाऊन जाळीतून आत डोकावले आणि म्हणाले, "पिक्चर ट्यूब जाणार." सासूबाईंनी त्यांना पेढा दिला नाही. ट्यूब दीड महिन्यात गेली. त्यानंतर सासूबाई त्यांना थोड्या वचकूनच असत.

बोरिवलीतली आमची ती दुमजली बिल्डिंग, आठ बिऱ्हाडांची. अंकल तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या बरोब्बर वर. एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम. जगातली प्रत्येक वस्तू ते सुतात मोजत, म्हणजे एका इंचाचे आठ भाग करून. वडापावमधला वडा गेल्या वर्षीपेक्षा दोन सूत कमी झालाय, हे त्यांनी गाडीवाल्याला पट्टी लावून दाखवलं होतं. कुणाचा नळ गळू दे, दार घासू दे, अंकल पाना घेऊन हजर. "हा नळ गेला, काय खरं नाय," असं म्हणत दुरुस्त करायचे, आणि तो नळ पुढे आठ वर्षं थेंबभर गळायचा नाही. पैसे देऊ केले तर रागावून निघून जायचे.

अशा माणसाच्या नशिबी मोनिका आंटी आल्या. त्या खाडीपलीकडच्या गोराईच्या. पाच फूट उंची आणि तोंडभर हसू. "याचं ऐकलं असतं तर मी लग्नाच्या दिवशीच माहेरी परत गेले असते," असं त्या नवऱ्यासमोरच सांगत. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला खायला घालणं हा त्यांचा उद्योग होता. नाताळात त्या साखरेची बिस्किटं करत. चांदणी, घंटा, नाताळचं झाड. त्यावर पांढरं, हिरवं, गुलाबी आयसिंग आणि बारीक चांदीच्या गोळ्या. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेलं ताट घेऊन त्या स्वतः प्रत्येक दारी जायच्या.

आता माझं सांगते. नाताळ बहुतेक वेळा मार्गशीर्षात येतो. एरवी बांगड्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत काही न सोडणाऱ्या माझ्या सासूबाई मार्गशीर्षात महिनाभर अंड्याचं नाव काढू देत नसत. पहिल्याच वर्षी मी हे आंटींना सांगितलं. पुढच्या वर्षापासून त्या दारात आल्या की आधी म्हणायच्या, "शालन, तुमची वेगळी केलीत गं. अंडं नाय घातलं." मी ताट आत नेलं की सासूबाई नाक मुरडायच्या. "अंडा घातल्याशिवाय बिस्कूट करतत तरी कसा? माका नको," असं म्हणून ताट उचलायच्या आणि आमच्या भांडीवाल्या सुनंदाच्या पदरात रिकामं करायच्या. तिची तीन मुलं होती. मुलं खातात, वाया तर जात नाहीत, अशी मी माझी समजूत घालत असे. दुसऱ्या दिवशी ताटात काहीतरी घालून परत करताना आंटींना सांगायचे, "काय खुसखुशीत झाली होती हो!" अशी सहा वर्षं. वाद नको म्हणून माणूस काय काय करतो. खरं तर जिन्यात उभं राहून एखादं बिस्किट तोंडात टाकता आलं असतं. मला तेवढंही सुचलं नाही.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मोनिका आंटी गेल्या. सकाळी पाणी भरताना छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. आयुष्यभर वाईटाची वर्दी देणाऱ्या अंकलना या एका गोष्टीचा सुगावा लागला नव्हता. चार दिवस ते कुणाशी काही बोलले नाहीत. "काय खरं नाय" सुद्धा नाही.

दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलंय तिथे त्या वर्षी फराळ करायचा नसतो, शेजाऱ्यांनी पाठवायचा, ही आपली रीत. ख्रिश्चनांच्यात ती असते की नाही हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. सातही घरांतून अंकलकडे डबे गेले. पंधरा दिवसांत एका विधुराच्या घरी सात घरचा चिवडा आणि शंभरावर चकल्या. "एवढा चिवडा खाऊन माणूस जाणार," असं म्हणत त्यांनी सगळे ठेवून घेतले.

ठेवून घेतले म्हणजे डबेसुद्धा. नोव्हेंबर संपला तरी एकाही घरचा डबा परत येईना. माझा तर माहेरचा, पितळी कडीचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. जिन्यात बायका भेटल्या की तोच विषय. शेवटी आमच्याच मजल्यावरच्या देसाईकाकूंनी धीर करून विचारलं. अंकल चकित होऊन म्हणाले, "रिकामा कसा देऊ? मोनिका ऐकणार नाय."

आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बिल्डिंगभर करपल्याचा वास सुटला.

मोनिका आंटींची पाककृतीची वही अंकलच्या हाती लागली होती. फिटर माणूस, त्याला वाटलं ड्रॉइंग हातात आलंय, आता जॉब, म्हणजे वस्तू, काढायला कितीसा वेळ. पण वहीत काय होतं? मैदा, त्या कपाने तीन. लोणी, बघून. दूध, लागेल तसं. भाजणे, वास येईपर्यंत. अंकल वही घेऊन दारोदार फिरले. "त्या कपाने म्हणजे कुठल्या? घरात सात कप आहेत. सातही मोजले, दोन सारखे नायत." आणि "वास येईपर्यंत म्हणजे किती मिनिटं?" प्रत्येक बाईने वेगळं उत्तर दिलं आणि प्रत्येकीने आपलंच बरोबर म्हणून सांगितलं. अंकलनी ती सगळी उत्तरं लिहून घेतली, त्यांची सरासरी काढली, आणि तेवढी मिनिटं भाजून पहिला घाणा कोळसा केला.

साचे त्यांनी वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून स्वतः केले. पाच टोकांची चांदणी, सगळी टोकं तंतोतंत सारखी. पीठ लाटलं ते पट्टी लावून, दोन सूत जाड. काचेचा डोळा असलेल्या आंटींच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमधून मात्र चांदण्या बाहेर आल्या त्या पुऱ्या होऊन. अंकल हादरलेच. एक पुरी माझ्यासमोर धरून म्हणाले, "लोखंड पण तापल्यावर फुगतं गं, पण निवल्यावर मापात येतं. हा मैदा निवल्यावर पण येत नाय. असल्या मटेरियलवर काय काम करणार?" पीठ लाटून घटकाभर थंड जागी ठेवायचं असतं, हे त्यांना तिसऱ्या रविवारी कळलं. आमच्या फ्रिजमध्ये त्यांचे बिस्किटं भाजायचे चार पत्रे मावावेत म्हणून मी दुधाची पातेली बाहेर काढली, आणि दूध नासलं.

आयसिंगची तर कथाच वेगळी. मशीनला तेल घालायची नवी कोरी पिचकारी आणून, सोड्याच्या पाण्याने तीनदा धुऊन, त्यांनी साखरेचं मिश्रण तीत भरलं. रेघा मात्र अशा सरळ काढल्या की आंटींनाही कधी जमल्या नसत्या. फक्त हिरवा रंग चमचाभर जास्त पडला. चाखायला गेलेल्या देसाईकाकांची जीभ सोमवारी ऑफिसात साहेबाशी बोलतानाही हिरवी होती. आम्ही जिन्यात तोंडावर पदर धरून हसलो. अंकल हसले नाहीत. ते दर रविवारी जास्त जास्त खचत चालले होते. डोळे लाल, हाताला चटके, केसांत मैदा. "माझ्याने नाय होणार," असं मला एकदा म्हणाले. त्या आवाजात त्यांची नेहमीची कुरकुर नव्हती, आणि मला एकदम भीती वाटली.

पण नाताळच्या सकाळी सहा घरांत डबे पोचले. चांदण्यांना पाच टोकं होती, झाडं हिरवी होती, चांदीच्या गोळ्या एका ओळीत होत्या. देसाईकाकू म्हणाल्या, बऱ्यापैकी आंटींसारखी झालीयेत.

सहा घरांत. आमचा डबा आला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. सासूबाई सारख्या विचारत होत्या, "आमचोच डबो कित्याक रवलो?" मलाही राग आला. माझा फ्रिज, माझं दूध, आणि डबा माझाच नाही. मी तावातावाने खाली गेले.

दार उघडंच होतं. अंकल स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते. पुढे माझा डबा, घासूनपुसून लख्ख, रिकामा. शेजारी एका थाळीत बिस्किटं. मला बघून ते उठले आणि वहीचं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. आंटींचं अक्षर. 'शालन. अंडं नाही. दही. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळा पत्रा. मार्गशीर्ष.'

"बाकीच्यांची मी चाखून पाठवली," अंकल म्हणाले. "तिच्या हातची खाल्ली होती ना, त्यामुळे कळतं. पण ही बिनअंड्याची मी कधी खाल्लीच नाय. मोनिका तुमच्यापुरती मोजून करायची, एक पण जास्त नाय. दही किती ते पण लिहिलं नाय. सहा वर्षं तू खाल्लीस. आता तूच खाऊन सांग, तशी झालीत का."

मी स्टुलावर बसले. त्यांनी घंटेच्या आकाराचं एक बिस्किट माझ्या हातावर ठेवलं. मी चावलं. सुकं होतं, किंचित आंबूस, गोडाला कमी. ते चांगलं होतं की वाईट हेसुद्धा मला कळेना, कारण अंकल माझ्या तोंडाकडे बघत होते. पट्टीवरची रेघ वाचताना ते असे बघत.

"अगदी तश्शी," मी म्हटलं. सहा वर्षांची सवय होती, शब्द आपोआप आले.

अंकलनी वही मिटली. म्हणाले, "शालन, तुमची सुनंदा आमच्याकडे पण भांडी घासायची."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतकी साधी गोष्ट. एकाच बिल्डिंगमधली बाई, सकाळी आमच्याकडे आणि दुपारी त्यांच्याकडे. मुलांनी काय खाल्लं हे ती आंटींना सांगणार नाही तर कुणाला?

"मोनिकाला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं," अंकल म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "मी बोललो तिला, कशाला करतेस, खात नायत ती लोकं. ती बोलायची, या वर्षी खातील. दर वर्षी तेच. वेगळं पातेलं काढून बसायची."

"मग मला कशाला विचारलंत, अंकल?"

ते टेबलावरचा मैदा बोटाने गोळा करत राहिले. "मला वाटलं, सहा वर्षांत एखादं तरी चाखलं असशील."

टाकी, चप्पल, पिक्चर ट्यूब, कशावर म्हणून ज्या माणसाने विश्वास ठेवला नाही, त्याने आयुष्यात एका गोष्टीवर भरवसा ठेवला होता, आणि ती गोष्ट मी होते. सुनंदा मे महिन्यात मुलांना घेऊन चिपळूणकडच्या गावी गेली होती, ती परत आलीच नव्हती. आंटींच्या त्या बिस्किटांची चव सांगू शकेल असं मुंबईत कुणी उरलं नव्हतं. मी चुकले, असं म्हणायला तोंड उघडलं, पण रडूच आलं. अंकलनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि थाळी माझ्याकडे सरकवली.

मी दुसरं बिस्किट घेतलं. मग तिसरं. मी खातच राहिले. सहा वर्षांची बिस्किटं त्या एका दुपारी संपवायला बसल्यासारखी.

"सावकाश खा," अंकल म्हणाले. "माझीच आहेत ती. तिची नायत."

मग ते पाणी आणतो म्हणून उठले आणि मोरीकडे गेले. नळ सुटल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो तसाच चालू राहिला.