हिवरतळ फाट्याची दुभती सडक

दूधबंदीच्या सहाव्या दिवशी, सकाळी धारेच्या वेळेला, हिवरतळ फाट्यावरच्या डांबरी सडकेनं दूध दिलं.

तसं पाहिलं तर यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. गेली नऊ वर्षं हिवरतळचे शेतकरी भावासाठी आंदोलन करत होते आणि नऊही वर्षं पहिल्या दिवसाचं दूध ह्याच सडकेवर, पुलाच्या अलीकडे ओतत होते. एवढं दूध पोटात गेल्यावर दगडाला पण कधीतरी पान्हा फुटेल. सडक तर डांबराची, उन्हात मऊ होणारी. तिला फुटला.

पहिल्यांदा पाहिलं ते शेवंताबाई काळोखेनं. त्या दिवशी फाट्यावर बसून दुधाच्या गाड्या अडवायची पाळी तिची होती. पांढऱ्या पट्ट्याला लागून डांबर चार ठिकाणी फुगून वर आलं होतं आणि चारही फुगवट्यांतून दूध ठिबकत होतं. तिनं बोट लावून चाटलं. दूध दाट होतं, कोमट होतं, डांबराचा वास नावालाच होता.

"कास चांगली आहे," ती म्हणाली, आणि पाण्याची कळशी रिकामी करून खाली लावली.

शेवंताबाईनं आयुष्यात चाळीसेक गाई हाताळल्या होत्या. जनावराच्या बाबतीत आपण चुकू असं तिला कधी वाटलं नव्हतं. माणसाच्या बाबतीत ती चुकायची, कारण माणूस खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. तर अशी ही बाई. पण कळशी भरत आली तसा तिच्या लक्षात घोळ आला आणि तिचा हात थांबला. सडक दूध द्यायला लागली, तर आपली दूधबंदी कुणाला हवी?

आणि ही दूधबंदी तिला हरून चालणार नव्हती. डेअरी लिटरला चोवीस रुपये देत होती, शेतकरी चाळीस मागत होते. तिचा मुलगा दिगंबर यानं घरात स्पष्टच सांगितलं होतं, "आई, चाळीस मिळाले तर गोठा राहील. नाही मिळाले तर शुक्रवारी लोंढे व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. चारही गाई द्यायच्या. मी शब्द दिलाय." पोरगा वाईट नव्हता. पहाटे उठून त्याची कंबर मोडली होती आणि हातात काही राहत नव्हतं. शेवंताबाई त्याला म्हणाली होती, "मिळतील चाळीस. नाक दाबलं की तोंड उघडतंच." पाच दिवस नाक बरोबर दाबलं गेलं होतं. शहरात पिशव्या मिळेनाशा झाल्या होत्या, डेअरीचे फोनावर फोन येत होते. आणि नेमकं तेव्हाच सडकेनं तोंड उघडलं.

आंदोलन समितीचे अध्यक्ष बबनराव वाकचौरे धावत आले आणि सडकेकडे बोट दाखवून ओरडले.

"आपणच पाजलं, आपणच वाढवलं, आणि आता आपलाच संप फोडतेय! घरचा भेदी म्हणतात तो हाच."

"तिला काय कळतंय बबन," शेवंताबाई म्हणाली. "तिला कुणी सांगितलं का संप आहे म्हणून? बैठकीला बोलावलं होतं का?"

बबनरावांनी कबूल केलं की बोलावलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला डेअरीचे मॅनेजर कुंभोजकर रिकामा टँकर आणि दूध तपासायचं मशीन घेऊन हजर झाले. फॅट साडेपाच निघालं. कुंभोजकरांनी टोपी काढून सडकेला नमस्कार केला. पाठोपाठ सार्वजनिक बांधकाम खात्याचे खिस्ती साहेब मोटारसायकलवर फायली बांधून आले, कारण सडक खात्याची होती आणि दूध कुणाचं हा प्रश्न खात्याला सोडवणं भाग होतं. त्यांनी पुलाच्या कठड्यावर बसून नियम वाचला.

"सडकेच्या कडेच्या चिंचांचा आपण दरवर्षी लिलाव करतो," ते म्हणाले. "नियमात 'चिंचा, आंबे, वाळलेल्या फांद्या इत्यादी' असं आहे. दूध इत्यादीमध्ये बसतं."

लिलाव तिथंच झाला. बोली लावणारे एकटे कुंभोजकर होते, तेव्हा वर्षभराचं दूध त्यांनाच गेलं. मग ते शेतकऱ्यांकडे वळले आणि अगदी गोडीत बोलले.

"बबनराव, चाळीस विसरा आता. ह्या सडकेला पेंड नको, चारा नको, डॉक्टर नको. उत्पादन खर्च शून्य! आदर्श उत्पादक म्हणतात तो असा. तुम्हाला द्यायचं तर द्या दूध, आजपासून भाव बावीस. नाही तर घरीच दूध आटवून त्याची खरवड खा आणि गप्प बसा."

त्या संध्याकाळी दिगंबर गोठ्यात जाऊन गाईंच्या पाठीवरून हात फिरवून आला आणि न जेवता झोपला. शेवंताबाई मात्र दोन भाकरी खाऊन उठली. तिला वाईट वाटत होतं, पण तिला असंही वाटत होतं की हे प्रकरण अजून माणसांच्या हातात आहे, जनावराच्या हातात गेलंच नाही.

बुधवारी कुंभोजकरांनी धार काढायचं यंत्र आणलं. चार नळ्या चार सडांना लावल्या, बटण दाबलं आणि सडकेनं लाथ मारली. म्हणजे पुलाजवळचा गतिरोधक एकदम कमरेएवढा वर आला आणि खाली बसला. यंत्र एकीकडे गेलं, कुंभोजकर दुसरीकडे, बाभळीत.

"असू द्या, असू द्या," काटे उपटत कुंभोजकर म्हणाले. "दुभत्या गाईच्या लाथा गोड."

दुपारपर्यंत त्यांनी तशा तीन गोड लाथा खाल्ल्या. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की सडक फक्त शेवंताबाईच्या हाताला उभी राहते. त्यांनी निरोप धाडला: रोज दोन वेळा धार काढायची, मजुरी रोखीनं. शेवंताबाईनं लगेच हो म्हटलं.

गावात आगडोंब उसळला. बबनराव दारात येऊन उभे राहिले.

"काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सगळं गाव एका बाजूला आणि तुम्ही डेअरीच्या बादलीला हात लावणार?"

"बादलीला कोण लावतंय? मी कासेला लावणार," शेवंताबाई म्हणाली. "अरे, कासेला हात लावल्याशिवाय जनावराच्या मनातलं कळतं का कधी? तुम्ही सहा दिवस घोषणा देताय तिच्या डोक्यावर उभं राहून. एकानं तरी विचारलं का, बाई तुला काय पाहिजे?"

"आणि तिनं दूध दिलं तर?"

"तर शुक्रवारी माझ्याच गाई जातील, तुझ्या नाही. जा घरी."

गुरुवारी सकाळी ती फाट्यावर गेली. बोटांना तेल लावलं, पदर खोचला, सडकेच्या पाठीवर थाप मारली आणि गुडघे मोडून बसली. कुंभोजकर टँकरला टेकून बघत होते, खिस्ती साहेब नोंदीसाठी वही उघडून बसले होते आणि पुलापलीकडे अख्खं गाव हाताची घडी घालून उभं होतं. धार सुरू झाली. अर्धी बादली झाली आणि सडकेनं पान्हा चोरला. कास तर दगडासारखी भरलेली, पण थेंब येईना. शेवंताबाईनं गोंजारलं, चुचकारलं, शेवटी डांबराला कान लावला. बराच वेळ तिनं कान उचलला नाही. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब," तिनं खिस्तींना विचारलं, "हिचं वासरू कुठं आहे?"

खिस्ती साहेबांनी फाईल चाळली. "वासराची अशी नोंद नाही. पण ह्या ठिकाणी सडकेला फाटा फुटल्याची नोंद आहे. हिवरतळ पाणंद, लांबी अडीच किलोमीटर, रस्ता म्हणून मंजूर. त्यापुढे शेरा आहे, 'काम प्रगतीत'."

"कधीपासून प्रगतीत?"

"चौदा वर्षं झाली."

सगळ्यांनी पाणंदीकडे पाहिलं. गावाकडे जाणारी ती वाट फाट्यापासून सुरूच होत नव्हती. मध्ये हातभर रुंदीचा चर होता, कधीकाळी कसल्याशा पाइपसाठी खणलेला, त्यावर एक फळी. पलीकडे पाणंद पडून होती. नुसते दगड, खड्डे आणि कडेला घाणेरीची झुडपं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी हाडकुळी.

शेवंताबाई फळीवर जाऊन उभी राहिली. "चौदा वर्षं," ती म्हणाली. "आईपासून हातभर अंतरावर बांधलेलं लेकरू, आणि तोंड पोचत नाही. अरे, कसायालाही असं करवणार नाही. बबन, खोरी आणा."

खोरी आली. कुंभोजकर ओरडले, "काम थांबवा! माझा लिलाव झालाय!"

"चर बुजवणे आमच्या आराखड्यात आहेच," खिस्ती साहेब वही न मिटता म्हणाले. "निधी नव्हता."

वीस माणसांनी अर्ध्या तासात चर बुजवला. शेवटचं खोरं पडलं, पाणंदीची माती सडकेच्या डांबराला टेकली आणि सडकेला असा पान्हा सुटला की पुलावरच्या माणसांनी चपला हातात घेतल्या. चारही सडांतून दुधाच्या धारा निघाल्या आणि सरळ पाणंदीत शिरल्या. पाणंद चुटूचुटू पीत होती. तिच्या तोंडाशी फेस आला. लांब गावाच्या टोकाला तिची शेपटी हलली आणि तिथं उभ्या असलेल्या दोन सायकली पडल्या.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बबनरावांनी आपण रडत नाही, डोळ्यात धूळ गेली, असं शेजारच्याला सांगितलं.

कुंभोजकर मात्र दुधाच्या धंद्यात मुरलेले होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "वासराला दोन सड, मला दोन. रिवाजच आहे तसा."

"रिवाज आहे," शेवंताबाई म्हणाली, "पण तुमच्या संकलन केंद्रावर पाटी आहे ना एक? वाचा की मोठ्यांदा."

कुंभोजकर टँकरचं झाकण तपासायला लागले. तेव्हा पाटी सगळ्या गावानंच पाठ म्हणून दाखवली, कारण ह्या पाटीपायी प्रत्येकाचं दूध कधी ना कधी परत गेलं होतं: जनावर व्याल्यापासून दहा दिवसांचे दूध स्वीकारले जाणार नाही.

"ती काही आज व्याली नाही," कुंभोजकर म्हणाले. "चौदा वर्षं झाली म्हणतात ना?"

सगळ्यांनी खिस्ती साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला, रकाना शोधला. "कागदावरची तारीख धरता येत नाही," ते म्हणाले. "फाटा सडकेस प्रत्यक्ष जोडल्याचा दिनांक, तोच जन्मदिनांक." आणि त्यांनी आजची तारीख लिहिली, खाली सही केली, शिक्का मारला.

दहा दिवस! शहरात उद्याच्या चहाला दूध नव्हतं. नियम मोडावा तर पाटीखाली सही कुंभोजकरांचीच होती. त्यांनी बाजूला जाऊन तीनदा फोन केला आणि परत आले.

"बत्तीस," ते म्हणाले.

शेवंताबाई पाणंदीच्या तोंडावरचा फेस पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"छत्तीस. बाई, माझ्या हातात एवढंच आहे."

"पी गं पोटभर," शेवंताबाई पाणंदीला म्हणाली. "घाई नाही आपल्याला. दहा दिवस आहेत."

कुंभोजकरांनी आणखी एकदा फोन केला. दुपारी चारच्या आत डेअरीच्या छापील कागदावर, शिक्क्यासह, लिटरला चाळीस रुपये असं लिहून बबनरावांच्या हातात पडलं. गावानं असा जल्लोष केला की सडक बिचकली आणि शेवंताबाईनं सगळ्यांना दटावून गप्प केलं.

शुक्रवारी सकाळी राजाराम लोंढे व्यापारी टेम्पो घेऊन आला. दरवेळी तो फाट्यावर गाडी लावून चालत यायचा. आज थेट काळोख्यांच्या गोठ्यापुढे येऊन थांबला, कारण रात्रभर पिऊन पाणंद अंगानं भरली होती. खड्डे बुजले होते, कातडी काळी, तुकतुकीत झाली होती.

दिगंबर पुढं गेला. "लोंढेमामा, गाई द्यायच्या नाहीत. शब्द मोडतोय, राग मानू नका."

आईकडे बघायची त्याला लाज वाटत होती. आई मात्र त्याच्याकडे बघून हसत होती, आणि तिला इतका आनंद झाला होता की तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

लोंढ्यांनी राग मानला नाही. जातिवंत व्यापारी तो, त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. चप्पल काढून तो पाणंदीवरून चालत गेला, परत आला, बसला, कडेनं हात फिरवला.

"गाई राहू द्या," तो म्हणाला. "ही कालवड द्या. आमच्या वाडीला तीस वर्षं रस्ता नाही. तोंडाला येईल ती किंमत सांगा."

दिगंबरनं आईकडं पाहिलं.

"दूधपितं लेकरू आईपासून तोडायचं नाही," शेवंताबाई म्हणाली. "पण कालवडच आहे. अडीच-तीन वर्षांत गाभण राहील. पहिलं वेत तुमच्या वाडीला. किंमत कसली घ्यायची त्यात?"

लोंढ्यांनी टोपी काढून हातात धरली. मग तो टेम्पोत चढला.

"सावकाश न्या हो," शेवंताबाई मागून ओरडली. "एका दिवसाची आहे, ओझ्याची सवय नाही तिला."

लोंढ्यांनी हात वर केला. रिकामा टेम्पो पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता, हळूहळू फाट्याकडे गेला. शेवंताबाईनं बादली उचलली आणि ती गोठ्यात शिरली. आत चार गाई उभ्या होत्या, आणि धारेची वेळ झाली होती.