दणकट तार

टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं खांब चढलेल्या माणसाला सुनेनं इंटरनेटच्या तारेसाठी चिठ्ठी लिहून द्यावी, इथेच सासऱ्यांचं बिनसलं. 'कॅट सिक्स, साधी, पातळ, वीस मीटर.' मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी अकराला तिची कॉम्प्युटरवर मुलाखत होती, बाळंतपणानंतरची पहिलीच. (काम घरून करता येईल, म्हणून तर अर्ज केलेला.)

दुकानात त्यांनी चिठ्ठी खिशातच ठेवली.

"ही तार आहे का सुतळी?"

"काका, घरात हीच लावतात," दुकानदार म्हणाला. "ती जाड आहे ना, ती बाहेरची. वळत नाही."

"मीही कधी वळलो नाही," असं म्हणून सासरे बारा मीटर जाड तार घेऊन आले. अंतर त्यांनी नजरेनंच मोजलं होतं. (नजरेला भिंती आडव्या येत नाहीत.)

सकाळी तार कोपऱ्यावर वळेना. वाकवली की उसळी मारे, ओढली की पुढच्या खोलीतला राउटर फळीवरून उडी घ्यायला बघे. शेवटी ती संडासाच्या दारापर्यंत आली आणि तिथे हटून बसली. अकराला दोन मिनिटं होती, आणि पुढच्या खोलीत बाळ झोपलेलं. सुनेनं दाराशीच स्टूल ओढलं नि लॅपटॉप मांडीवर घेतला. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून सासरे घाईघाईनं संडासात शिरले आणि दार लोटून घेतलं.

मुलाखत रंगली. काय बोलते पोर! आत उभ्या उभ्या सासऱ्यांचा ऊर भरून आला. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "घरून काम करायचं, तर घरात शांतता असते ना?"

"हो, अगदी."

चला, जिंकलं! सुटकेचा श्वास टाकून सासरे मागे टेकले, ते नेमके फ्लशच्या बटणावर.

नोकरी मिळाली. 'घरून' तेवढं गळलं. आता ती रोज साडेआठला निघते. वर्षाचा नातू दाराकडे हात करून रडतो, आणि सासरे त्याला कडेवर घेऊन घरभर फेऱ्या मारतात.

एका संध्याकाळी त्यांनी धीर केला. "सूनबाई, चुकलंच माझं. एकदा येऊन तुझ्या बाईंची माफी मागू का?"

"नको हो बाबा," चपला काढत ती म्हणाली. "त्या अजून रोज विचारतात, सासऱ्यांचं पोट आता बरं आहे ना म्हणून."