निहाल बागवानचा डावा पाय

आंबील पेठेतल्या चाहत्यांचं एकमत होईना, म्हणून निहाल बागवानचा डावा पाय हवेतच राहिला.

फुटबॉलच्या अंतिम सामन्यातली शेवटची काही मिनिटं उरली होती आणि गोल कुणाचाच झाला नव्हता. निहालनं मध्यावर बॉल घेतला, गुजर चौक तालमीच्या संघातल्या तिघांना चकवलं आणि गोलकीपरच्या समोर येऊन किक मारायला पाय उचलला. नेमका त्याच वेळी गॅलरीत पेठेतल्या लोकांचा वाद ऐन रंगात आला होता. पोरगं एकोणीस वर्षांचं, पेठेच्या तालमीकडून पहिलाच हंगाम. हे खरोखर मोठं होणार, की दोन वर्षांत विझणार? वाद मिटला नाही, त्यामुळे पाय खाली आला नाही.

पंचांनी थोडी वाट पाहिली आणि नियमांचं पुस्तक मागवलं. उचललेला पाय खेळाडूनं कधी खाली आणावा, याबद्दल त्यात काही नव्हतं. बॉल मैदानात होता, कुणी कुणाला पाडलं नव्हतं, तेव्हा शिट्टी वाजवायला कारणही नव्हतं. सामना चालू आहे, मात्र बॉल हलेपर्यंत वेळ धरला जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि घड्याळ थांबवलं. फुटबॉल संघटनेचे सचिव खाली उतरून आले. त्यांनी पाय पाहिला, मग गॅलरीकडे पाहिलं. खेळाडू लोकांच्या जिवावर खेळतो, ते म्हणाले. लोकांचंच ठरत नसेल तर त्यानं तरी काय करावं? पेठेनं आधी आपलं ठरवावं. हे सगळ्यांना पटलं. दिवस कलल्यावर बाकीचे खेळाडू परवानगी घेऊन घरी गेले. गुजर चौक तालमीनं गोलकीपरसाठी पाळ्या लावल्या.

हिंदुराव मोरबाळे हे पेठेच्या तालमीचे जुने फुलबॅक. आता त्यांचं चौकात मिरची कांडप होतं. पेठेत कुठलाही वाद निघाला की लोक तो घेऊन कांडपावर यायचे आणि शिंकत शिंकत घालायचे. निहालच्या बाबतीत हिंदुरावांचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं.

“पोरगं बरं हाय,” ते म्हणायचे.

बरं म्हणजे चांगलं का, असं विचारलं तर ते म्हणायचे, बरं म्हणजे बरं.

सुरुवातीला पेठेत दोन तट होते. एका तटाचे पुढारी अशोकअण्णा वडणगे. निहाल कोलकात्याला जाणार, तिथून देशाच्या संघात जाणार, हे अण्णांनी त्याचा पहिला सामना अर्धा पाहूनच सांगितलं होतं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, पोराला खेळायला एकच पाय आहे आणि दमही नाही. पण जसजसे आठवडे गेले, तसतसा दुसरा तट ढिला पडू लागला. कारण साधं होतं. त्या दिवसापासून निहालच्या हातून एकही चूक झाली नव्हती. त्याचा एकही पास चुकला नव्हता, एकही बॉल बाहेर गेला नव्हता. शिवाय तोल पाहा, अण्णा म्हणायचे. एवढे दिवस एका पायावर कोण उभं राहतं?

चौकाचौकात निहालचे फ्लेक्स लागले. फ्लेक्सवरही त्याचा पाय उचललेलाच होता. आमदारकीला उभे राहणारे दोघेजण वेगवेगळ्या दिवशी त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढून गेले. मोठ्या क्लबातून एक पारखी माणूस आला, त्यानं पायाभोवती फेरी मारली, ठेवण उत्तम आहे असं म्हणाला आणि किक बसल्यावर कळवतो असं सांगून निघून गेला. निहालच्या डोक्यावर तालमीनं पत्रा घातला. गुरुपौर्णिमेपर्यंत सगळी पेठ एका बाजूला आली होती. पोरगं मोठं होणार यात कुणालाच शंका उरली नव्हती.

फक्त हिंदुराव म्हणत होते, पोरगं बरं आहे.

त्यांना समजवायला तालमीचं शिष्टमंडळ गेलं. नुसतं हो म्हणा, अण्णांनी विनवलं, बाकी आम्ही बघतो. हिंदुरावांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, हो म्हणायला माझं काय जातंय, पण जे दिसलं नाही ते दिसलं कसं म्हणू? त्यानंतर लोक मिरची दुसऱ्या पेठेत कांडून आणू लागले. मुलगा सुनेमार्फत बोलू लागला. हिंदुरावांना वाईट वाटलं, पण मत बदलण्याइतकं नाही. त्यांनी मनाशी पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं. दर वेळी ‘बरं’च भरलं.

एके दिवशी दुपारी निहालची आई कांडपावर आली. शमीमभाभी मैदानाच्या गेटाशी फळांचा गाडा लावायच्या. पाय अडकल्यापासून त्यांनी गाडा आत नेला होता, पोराच्या शेजारी. त्याला जेवू घालायच्या, उजव्या पायाला तेल चोळायच्या. हिंदुरावांनी मशीन बंद केलं.

“हिंदुरावभाऊ, माझ्या पोराला मोठं म्हणा, असं सांगायला मी आले न्हाई,” भाभी म्हणाल्या. “वाईट म्हणायचं असंल तर सगळ्यांकडनं वाईट म्हणवून घ्या. पण काय ते एक ठरवा. त्याची सूज गुडघ्याच्या वर चढलीया.”

“मी वाईट कधी म्हटलं, भाभी? मी बरं म्हटलंय.”

“तेच तर. चांगलं म्हणणाऱ्याचं ऐकत्यात, वाईट म्हणणाऱ्याचं ऐकत्यात. बरं म्हटलेलं कोण ऐकतंय?”

भाभी गेल्यावर त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं नाही. हात धुतले, टोपी घातली आणि मैदानावर गेले. इतक्या महिन्यांत ते निहालकडे गॅलरीतूनच पाहत आले होते. जवळ जायची त्यांची ही पहिलीच वेळ.

पोराच्या ओठांवर मिसरूड दाट झालं होतं. पाळीवरचा गोलकीपर गोलपोस्टला टेकून शेंगा सोलत होता. हिंदुरावांनी आधी पायाची चौकशी केली, मग जेवणाची. मग त्यांनी सरळच विचारलं, “तुला काय वाटतं रं? तू कसा खेळतोस?”

हा प्रश्न निहालला कुणी विचारला नव्हता.

“बरा खेळतो, काका,” तो म्हणाला. “डावा पाय चालतो. उजव्याचा भरवसा न्हाई.”

इतके महिने ज्याच्यावर तो उभा होता, त्या उजव्या पायाकडे हिंदुरावांनी पाहिलं.

निहालनं गोलकीपरकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “आणि काका, मी गोल मारणारच नव्हतो. आपला अभिनंदन चौगुले उजवीकडं मोकळा होता. त्याला पास द्यायचा होता.”

हिंदुराव घरी आले ते वेगळ्याच मनानं. समोर एकटा गोलकीपर, गॅलरीनं मैदान डोक्यावर घेतलेलं, आणि एकोणीस वर्षांचं पोरगं दुसऱ्याला पास द्यायचं ठरवतं. हे बरं म्हणण्यापेक्षा थोडं जास्त होतं का? असं वाटल्याबद्दल त्यांनी स्वतःला दटावलं, पण ते वाटणं गेलं नाही. पेठेला हे सांगण्यात अर्थ नव्हता. पेठ गोलची वाट पाहत होती. पास म्हटल्यावर पुन्हा दोन तट पडले असते आणि पोरगं दिवाळीपर्यंत तसंच राहिलं असतं.

अडचण दुसरीच होती. अभिनंदन चौगुले आता उजवीकडे नव्हता. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला लागला होता आणि मधल्या काळात त्याचं लग्नही झालं होतं. हिंदुरावांनी अण्णांना निरोप धाडला की येत्या रविवारी मी मैदानावर माझं मत देणार आहे, सगळे खेळाडू बोलवा. अण्णांनी आनंदानं सगळ्यांना बोलावलं. फक्त अभिनंदनला कळवायची गरज त्यांना वाटली नाही. बॉल निहालकडे आहे, चौगुले काय करणार, ते म्हणाले. तेव्हा हिंदुराव स्वतः एसटीनं कागलला गेले. अभिनंदनचं पोट सुटलं होतं. यायला त्याची ना नव्हती, पण रविवारी दुपारी सासरवाडीत जेवण होतं. सकाळी लवकर उरकतंय का बघा, तो म्हणाला.

रविवारी सकाळी गॅलरी भरली. खेळाडू आपापल्या जागा आठवून उभे राहिले. अभिनंदनची जर्सी पोटावर चढत होती. हिंदुरावांनी त्याला हाताला धरून नेलं आणि नेमक्या जागी उभं केलं. पंचांनी घड्याळ हातात घेतलं. मग हिंदुराव गॅलरीच्या पायऱ्या चढून अण्णांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“पोरगं मोठं हाय,” हिंदुराव म्हणाले.

आयुष्यात ते खेळाच्या बाबतीत खोटं कधी बोलले नव्हते. हे तेवढं जड गेलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

पाय खाली आला. बॉल गोलकडे न जाता आडवा उजवीकडे गेला. गोलकीपर निहालवरच झेपावला होता. अभिनंदनला पळायला जमलं नाही, पण पळायची गरजही नव्हती. बॉल त्याच्या गुडघ्याला लागला आणि जाळीत गेला. पंचांनी गोल दिला, उरलेला वेळ मोजला आणि शेवटची शिट्टी वाजवली. आंबील पेठ जिंकली. अभिनंदन सगळ्यांशी हात मिळवून सासरवाडीला गेला.

गॅलरीत मात्र कुणीतरी म्हणालं, यानं पास दिला. अण्णा म्हणाले, मोठा खेळाडू असाच असतो, त्याला स्वतःच्या नावाचं काही पडलेलं नसतं. मागून कुणी म्हणालं, मोठा कसला, मारायला भ्याला. एक जण पत्र्याचा खर्च काढू लागला. बघता बघता आवाज चढले आणि पुन्हा दोन तट पडले. दोन्हीकडच्या लोकांनी एकदमच हिंदुरावांकडे पाहिलं, पण ते पायऱ्या उतरून खाली गेले होते.

मैदानात निहाल दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभा होता आणि गॅलरीतला वाद ऐकत होता. शमीमभाभींनी त्याच्या दंडाला धरलं. घरी चल म्हणाल्या. त्यानं मान हलवली, पण पाय उचलला नाही. डावा पाय त्यानं गवतावरून पुढे सरकवला, मग उजवा त्याच्यामागे ओढून घेतला. मग पुन्हा डावा.

हिंदुराव त्याच्या दुसऱ्या बाजूला आले. त्यांनी एकदा वर गॅलरीकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि तेही त्याच्याबरोबर पाय घासत गेटाकडे निघाले.