विश्वाचा भोपळा

एका जंगलात, बाळांनो, सगळं बरं चाललं होतं. म्हणजे परदेशातून शिकून अजून कुणी परत आलं नव्हतं.

मग एकपादे बगळा परतला. त्यानं सगळ्यांना तळ्याकाठी बोलावलं आणि सांगितलं, की अवघं विश्व तारेसारखं थरथरतंय. चांदण्या थरथरतात, दगड थरथरतात, आपल्या शेपट्यासुद्धा. त्या सगळ्याचा मिळून एक सूर आहे, पण जंगलातल्या खटखटीमुळे तो ऐकू येत नाही.

खटखट म्हणताना तो ठकूताईकडे बघत होता.

ठकूताई म्हणजे सुतारपक्षीण. अंडी घालायची वेळ जवळ आलेली आणि जांभळाच्या खोडात घर जेमतेम चोचभर कोरून झालेलं. पण सिंहमहाराजांना दुपारची झोप फार प्रिय. विश्वाचं नाव निघताच त्यांनी ठोकाठोकीवर बंदी घातली.

शेजारच्या खारूवहिनीनं चौकशी केलीच. शेजारधर्म असतो तो, त्याला भोचकपणा म्हणू नये. "आता अंडी कुठं घालणार गं? उघड्यावर?"

ठकूताईनं पंख झटकले आणि थेट तळं गाठलं.

"सर, तुमच्या सुराला भोपळा कुठाय?"

"कसला भोपळा?"

"तंबोऱ्याला असतो तो. पोकळ. नुसती तार छेडली तर शेजारणीलाही ऐकू जात नाही. एवढं विश्व थरथरतंय, त्याला घुमायला जागा नको?"

एकपादेनं पाय बदलला. म्हणजे त्याला पटलं. शास्त्रासाठी जांभळाच्या खोडात पोकळी हवी, असं त्यानं महाराजांना कळवलं. महाराज मुकाट्यानं पलीकडच्या टेकडीवर झोपायला गेले.

ठकूताईनं मनसोक्त ठोकलं. आत मऊ भुसा अंथरला, सूर खरचटू नये म्हणून. दारावर पानांची गवसणी घातली आणि आत जाऊन बसली. कुणी विचारलं तर म्हणायची, तार लावतेय.

एके सकाळी आतून आवाज आला. एकपादेनं गवसणी बाजूला न करता कान लावला. चिंव, चिंव. त्याचे डोळे पाणावले.

"हाच तो अनादी सूर," तो म्हणाला. "जरा भुकेला वाटतो."

"वाटणारच, सर. विश्व वाढतंय ना. अळ्या लागतील."

तेव्हापासून सगळं जंगल रोज सकाळी अळ्या घेऊन रांगेत उभं असतं. खारूवहिनीला खरं काय ते ठाऊक आहे. पण ती बोलत नाही. तिचेही दिवस भरत आलेत, आणि वीणेप्रमाणे विश्वालाही दोन भोपळे असतात, असं एकपादेनं कालच सिद्ध केलंय.

तात्पर्य : घर बांधायला परवानगी मिळत नसेल, तर बाळांनो, हट्टानं घर बांधू नये. संशोधन केंद्र बांधावं. अळ्या घरपोच येतात.